आईचं कोण करतं: प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

गेल्या दिवाळीत आईची उजवी बाजू गेली. दोन महिने पुण्यात माझ्याकडे होती. दिवसा आजाऱ्यांसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोची बाई, रात्री मी. मग तिने गावी जायचा धोशा लावला आणि फेब्रुवारीत लांज्याजवळच्या आमच्या घरी पोचली. तिथे ब्यूरो नाही, वहिनी आहे.

काल शेजारच्या काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, "तुझ्या आईचं सगळं सूनच करते हो." मराठीत ‘करणं’ असं एकटंच वापरलं की काय केलं ते सांगावं लागत नाही. सासूचं केलं, वडलांचं केलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, ओरडा खाणं, सगळं त्यात आलं.

मी नोकरीत दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवते. म्हटलं, एकदा हे जुळवू. रत्नागिरी जिल्ह्यात आईसारखी किती माणसं आहेत आणि त्यांचं कोण करतं? फक्त सरकारने लोकांसाठी खुली केलेली, फुकट मिळणारी आकडेवारी वापरायची. दर रविवारी दोन तास. गणपतीपर्यंत एक पानाचं उत्तर.

१५ जून, रविवार

सुरुवात २०११ च्या जनगणनेपासून, कारण त्यानंतरची नाहीच. सी-१४ तक्ता: पाच-पाच वर्षांचे वयोगट, जिल्हावार, शहर आणि ग्रामीण वेगळं. साठीच्या पुढचे देशात १०.३८ कोटी, म्हणजे ८.६ टक्के. महाराष्ट्रात ९.९ टक्के. जिल्ह्यांची उतरंड लावली तर सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी वरच्या टोकाला येतात. आश्चर्य नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढत असताना या दोन जिल्ह्यांची घटली. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका. पुरुष मुंबईत, हे सांगायला तक्ता कशाला हवा. पण तक्त्यात दिसलं की बरं वाटतं.

एक गंमत. सी-१३ मध्ये एकेका वर्षाचं वय असतं. त्याचा आलेख काढला तर ६०, ६५, ७०, ७५ ला सुळके आणि ६१, ६२ ला दऱ्या. आपल्याकडची माणसं पंचाहत्तरीनंतर एकदम ऐंशीची होतात. आईचंही तसंच. आधार कार्डावर १ जून, जी निम्म्या गावाची जन्मतारीख आहे. तेव्हा एकेका वर्षाच्या आकड्यावर काहीही टेकवायचं नाही, हे वहीत लाल शाईने लिहून ठेवलं.

नकाशा काढताना अर्धा तास गेला. नकाशाच्या फाइलीत ३६ जिल्हे, जनगणनेत ३५. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला. माझ्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, पण राज्याचा नकाशा एक जिल्हा कोरा ठेवून बघवेना.

१६ जून, सोमवार

आज पुढच्या जनगणनेची अधिसूचना निघाली. गणनेची तारीख १ मार्च २०२७. म्हणजे तोवर मी चौदा वर्षांपूर्वीच्या म्हाताऱ्यांवरून आजच्या म्हाताऱ्यांचा अंदाज बांधणार. २०११ च्या गणनेत आई होती, पण पन्नास-साठ कलमांना पाणी घालणारी, आणि साठीच्या आतली.

२२ जून, रविवार

किती म्हातारे हे कळलं, पण त्यांतले किती अंथरुणाला, हे जनगणना विचारत नाही. त्यासाठी राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५ वी फेरी, आरोग्यावरची. जुलै २०१७ ते जून २०१८, १,१३,८२३ घरं, ५,५५,११५ माणसं. साठीच्या पुढच्यांसाठी तिच्यात वेगळा भाग आहे: कोणाबरोबर राहता, पैशाला कोणावर अवलंबून, आणि हिंडता-फिरता येतं का. ‘अंथरुणाला खिळलेले’ आणि ‘घरातच अडकलेले’ यांना वेगवेगळे अंक आहेत. सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की सगळी कच्ची माहिती उतरवता येते.

ती उघडली की अंकांची सलग भिंत. स्वल्पविराम नाहीत, मथळे नाहीत. कितव्या जागेपासून कितव्या जागेपर्यंत काय, याची वेगळी एक्सेल फाइल. एक जागा चुकली की वयाच्या ठिकाणी कुटुंबाचा क्रमांक येतो. दुपार त्यात गेली.

संध्याकाळी एकट्या महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं शंभर कोटींच्या घरात निघाली. दहा मिनिटं आज्ञावली तपासली, मग आठवण झाली: भारांक, म्हणजे नमुन्यातला एक माणूस किती माणसांच्या वतीने मोजायचा तो आकडा, शंभराने भागायचा असतो. दोन उपनमुन्यांची मोजणी मिळून आलेली असेल तर दोनशेने. सूचनापत्रात एका ओळीत लिहिलंय. पहिल्यांदा या पाहणीला हात लावणारा प्रत्येक जण इथे पडतो, आणि मी तर दुसऱ्यांदा पडले.

२९ जून, रविवार

रत्नागिरीचा आकडा काढायला बसले आणि अडले. नमुना पाहणी राज्याचे प्रदेश पाडते. महाराष्ट्राचे सहा. त्यांतल्या ‘किनारपट्टी’त मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एकत्र. मलबार हिल आणि माझी मागीलदारची पडवी एका डब्यात. ग्रामीण भाग वेगळा काढला तर मुंबई गळते, पण मग उरलेल्या नमुन्यात अंथरुणाला खिळलेले इतके थोडे राहतात की एक घर इकडचं तिकडे झालं तर टक्केवारी हलते.

ठरवलं: जिल्ह्याचा आकडा लिहायचा नाही. राज्य-ग्रामीण, म्हणजे राज्याच्या सगळ्या ग्रामीण भागाचा आकडा, लिहायचा आणि खाली तसं स्पष्ट सांगायचं. वाईट वाटलं. सगळा खटाटोप जिल्ह्यासाठीच होता.

६ जुलै, आषाढी

उपास, त्यामुळे डोकं चालत नाही असं कारण द्यायची सोय आहे.

‘लासी’ या दुसऱ्या पाहणीचा अहवाल वाचला. देवनारच्या लोकसंख्या संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांपुढच्या लोकांची आणि त्यांच्या जोडीदारांची, मिळून ७२,२५० जणांची केलेली पाहणी. यात ‘हिंडता येतं का’ असा एकच ढोबळ प्रश्न नाही. कपडे घालणं, खोलीत चालणं, अंघोळ, जेवणं, पलंगावरून उठणं, संडासला जाणं, एकेक विचारतात. साठीच्या पुढच्यांतल्या जवळपास २४ टक्के लोकांना यातलं किमान एक तरी जड जातं. बाजार, औषधं, पैसे सांभाळणं अशी कामं घेतली तर ४८ टक्के.

नमुना पाहणीतून निघणारा खिळलेल्यांचा आकडा याहून कितीतरी कमी आहे. वर्षं तीच, राज्यंही जवळजवळ तीच. एका पाहणीने ‘पडून आहेत का’ विचारलं, दुसरीने ‘संडासला जमतं का’. आई पुण्यात असताना फिजिओथेरपिस्टला सांगायची, "मला सगळं जमतं." आणि तो गेला की मला हाक मारायची. तिला ढोबळ प्रश्न विचारला असता तर ती ठणठणीत निघाली असती.

१३ जुलै, रविवार

वृद्धाश्रमांचा दिवस. दीर्घकालीन शुश्रूषा म्हटलं की परदेशी अहवाल अशा संस्थांपासून सुरुवात करतात, म्हणून मीही आज तिकडे वळले.

जनगणनेत ‘संस्थात्मक कुटुंब’ असतं: वसतिगृह, खाणावळ, तुरुंग, आश्रम, जिथे नातं नसलेली माणसं एका स्वयंपाकघरात जेवतात ते सगळं. वृद्धाश्रम त्यात मिसळून गेलेला. नमुना पाहणीचा नियम जास्त मजेदार आहे. अनाथालयं वगैरे पाहणीबाहेर, पण वृद्धाश्रमात राहणारी माणसं आत, आणि त्यांतली प्रत्येक जण सहसा एकेका माणसाचं कुटुंब. एका दालनात वीस खाटा म्हणजे वीस कुटुंबं. ‘एकटे, वृद्धाश्रमात’ असा वेगळा अंकही ठेवलाय. गाळून पाहिलं. महाराष्ट्रातून निघालेल्या ओळी इतक्या तुरळक की राज्याचं अनुमान काढायला हात धजेना.

मग सरकारी यादी शोधली. २००७ च्या कायद्याच्या १९ व्या कलमानुसार राज्याने निर्धन ज्येष्ठांसाठी टप्प्याटप्प्याने जिल्ह्यागणिक किमान एक, दीडशे माणसांची सोय असणारा वृद्धाश्रम उभारावा असं आहे. अनुदान घेणाऱ्या संस्थांची यादी मिळते. मला जी फाइल मिळाली ती युनिकोडच्या आधीच्या टंकात. चिकटवली की ‘वृद्धाश्रम’च्या जागी कंस, टिंबं आणि रोमन अक्षरांची भेळ. शेवटी हाताने टंकली. खाटा किती मंजूर ते आहे. किती भरल्या, रात्री किती माणसं कामाला, कोणाला जखमा झाल्या, यातलं काही नाही. आणि पैसे घेऊन चालणारे, बंगल्यात दहा-पंधरा जणांना ठेवणारे आश्रम अनुदानच घेत नाहीत, मग या यादीत येतील कशाला?

२०१९ च्या दुरुस्ती विधेयकात अशा सगळ्या ठिकाणांची नोंदणी आणि किमान दर्जा होता. घरी येऊन सेवा देणाऱ्या एजन्सींची नोंदणीही होती, म्हणजे आमचे ब्यूरोसुद्धा. लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते बारगळलं. ते आलं असतं तर आज माझ्या हातात एक तक्ता असता.

२० जुलै, रविवार

फार काही नाही. न्यू जर्सीतल्या भाच्याला यादीची रड सांगितली तर त्याने अमेरिकेतल्या नर्सिंग होमची अख्खी फाइल पाठवली. एकेका ठिकाणी एका रुग्णामागे रोज परिचारिकेचा किती वेळ, तोही पगारपत्रकावरून, दर तिमाहीला. शनिवार-रविवारी माणसं कमी होतात तेसुद्धा दिसतं. हेवा वाटला. मग म्हणाला, "पण मावशी, माझ्या सासूबाई असिस्टेड लिव्हिंगमध्ये आहेत. ते या यादीत येतच नाही. ते ज्या त्या राज्याकडे." म्हणजे तिथेही ज्याचे पैसे केंद्र देतं त्याचाच हिशेब केंद्र ठेवतं.

२७ जुलै, रविवार

आता ‘करणाऱ्या’ शोधायच्या. आधी पगारी.

पुण्यात आईसाठी जी बाई यायची ती सकाळी आठ ते रात्री आठ. महिन्याचे पैसे मी ब्यूरोला द्यायचे, ब्यूरो आपलं काढून तिला द्यायचा. तिला कोणी परिचारिका म्हणत नव्हतं, ती स्वतः ‘पेशंटचं काम करते’ म्हणायची. श्रमबल पाहणी करणारा तिच्या दारात गेला तर तिला कुठल्या खान्यात बसवेल?

उद्योगांच्या वर्गीकरणात ८७ म्हणजे निवासी शुश्रूषा. ती नाही, ती माझ्या घरात होती. ८८ म्हणजे निवासाशिवायचं समाजकार्य, त्यात वृद्ध आणि अपंगांसाठीची सेवा. कदाचित. ७८ म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सी. तेही खरंच आहे. ९७ म्हणजे घरकामाला माणूस ठेवणारी कुटुंबं. आणि मला वाटतं ती तिथेच जाईल, कारण तिला ‘काय काम करता’ विचारलं की ती संकोचाने ‘घरकाम’ म्हणेल. आईचं डायपर बदलते असं अनोळखी माणसाला कोण सांगतं? व्यवसायांच्या वर्गीकरणात घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्यांसाठी जागा आहे, पण पाहणीची खुली फाइल व्यवसाय तीनच अंकांपर्यंत देते, आणि तिथे ती दवाखान्यातल्या मावशींबरोबर एका ओळीत येते.

चारही खाने मोजले तर फार, एकच घेतला तर फार कमी. पगारी करणाऱ्यांचा आकडा मी एका पानाच्या उत्तरातून काढून टाकला.

३ ऑगस्ट, रविवार

७६ वी फेरी, जुलै ते डिसेंबर २०१८, अपंगत्वावरची. इथे मात्र थेट प्रश्न आहे: तुमची काळजी घेणारं कोणी आहे का? देशाचं उत्तर: ६२.१ टक्क्यांना आहे. ३७.७ टक्क्यांना गरज नाही. गरज आहे पण कोणी नाही असे ०.३ टक्के.

०.३!

चहा गार होईस्तोवर त्या आकड्याकडे बघत बसले. कोणी अधिकारी हा अहवाल चाळेल तर म्हणेल, प्रश्न सुटलेला आहे. हजारात तीन. आणि खोटं काहीच नाही यात. आमच्या घरी विचारलं असतं तर आई म्हणाली असती, "हो, सून आहे." पर्याय एक, पुढचा प्रश्न. सून रात्री किती वेळा उठते, तिची पाठ कशी आहे, तिने अंगणवाडीतली नोकरी का सोडली, याला त्या पानावर जागा नाही. म्हातारं माणूस उघड्यावर पडत नाही, कारण कोणीतरी वाकतं. त्या वाकणाऱ्याला ‘उपलब्ध’ म्हटलं की झालं.

इतके रविवार मी आई शोधत होते, आता वहिनीला शोधायचं.

१० ऑगस्ट, रविवार

वेळेचा विनियोग सांगणारी पाहणी, २०२४. १,३९,४८७ घरं, ४,५४,१९२ माणसं, सहा वर्षांपुढचं प्रत्येक जण. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासात काय केलं ते विचारून लिहितात. १५ ते ५९ वयाच्या बायकांतल्या ४१ टक्के जणींनी त्या दिवशी घरातल्या कोणाचं तरी केलं, पुरुषांतल्या २१.४ टक्क्यांनी. करणाऱ्या बाईचा वेळ सरासरी १४० मिनिटं, पुरुषाचा ७४.

पण यात लेकरं आणि म्हातारी एकत्र. वर्गीकरणात मुलांचं ४१ आणि परावलंबी प्रौढांचं ४२, म्हणजे कच्च्या फाइलीतून वेगळं करता येतं. ते केलं. ४१ ची रास मोठी, ४२ ची बारीक. अपेक्षेपेक्षा फारच बारीक. जुळत नाही. एवढी माणसं पडून आहेत, प्रत्येकाचं कोणी ना कोणी करतंय, मग त्या करणाऱ्यांचा दिवस गेला कुठे?

सूचनापत्र पुन्हा वाचलं, यावेळी शेवटपर्यंत. अर्ध्या तासात एकाहून जास्त कामं झाली तर लिहितात, पण दहा मिनिटं किंवा जास्त चाललेलीच. त्यांतलं एक मुख्य म्हणून खुणावतात. शिवाय तो दिवस नेहमीसारखा होता की वेगळा, हेही नोंदवतात.

दहा मिनिटं. गावी गेल्यावर बघते.

४ सप्टेंबर, गुरुवार, गावी

गौरी-गणपती परवा गेले. घर रिकामं, ओटीवर मखराचे पुठ्ठे. आज त्या पाहणीच्या भाषेत ‘नेहमीसारखा दिवस’. पाहणीचा तक्ता छापून आणला होता. वहिनींना म्हटलं, आज मी तुमच्या मागे फिरणार, तुम्ही काम करा. त्या म्हणाल्या, "मागे फिरण्यापेक्षा भाकऱ्या भाजल्यात तर उपयोग होईल." भाकऱ्याही भाजल्या.

मी दोन नोंदी ठेवल्या. एक सरकारी पद्धतीची. दुसरी माझी: वहिनी आईच्या खोलीत गेल्या की एक रेघ, आत किती मिनिटं ते शेजारी.

पहाटे ४ ते ५: झोप. ५ ला चूल, पाणी तापत ठेवलं आणि मधेच आईचं डायपर, ७ मिनिटं. साडेपाचला चहा, डबा, आईला उशाला टेकवून बसवलं, ४ मिनिटं. साडेसहाला पुसून घेणं, पावडर, चादर, केस, सगळं मिळून २५ मिनिटं. हे मात्र तक्त्यात ठळक बसलं. सातला कूस, ३ मिनिटं. नाश्ता भरवणं २० मिनिटं, कारण गिळताना ठसका लागतो. मग भांडी, कपडे, गोठा. प्रत्येक कामाच्या मधे एक फेरी. डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलंय, पाठीला जखम होऊ नये म्हणून. वहिनी घड्याळ बघत नाहीत, कुकरच्या शिट्ट्या आणि एसटीच्या वेळांवर त्यांचं चालतं. साडेअकराची गाडी गेली की डावी कूस.

दुपारी दीड ते तीन त्या आडव्या होत्या. तक्त्यात ‘विश्रांती’. दार उघडं होतं आणि आई खोकली की डोळे उघडत होते. ‘नुसतं लक्ष ठेवणं’ असाही एक प्रकार वर्गीकरणात आहे, पण वहिनींना विचारलं काय करत होतात, तर म्हणाल्या, "पडले होते जरा." विचारणाऱ्याने तेच लिहिलं असतं. मीही तेच लिहिलं, नियम म्हणजे नियम.

५ सप्टेंबर, शुक्रवार, गावी

रात्री मी जागी राहिले. साडेबाराला एकदा, सव्वादोनला एकदा, पहाटे साडेतीनला एकदा. कूस, कूस आणि डायपर. प्रत्येक वेळी पाच-सहा मिनिटं. तक्त्यात दहा ते पहाटे चार, सलग: झोप.

बेरीज केली. सरकारी पद्धतीने परावलंबी प्रौढाची काळजी: अडीच तास. माझ्या रेघा: एकतीस. त्यांतल्या सात दहा मिनिटांच्या वर होत्या, त्यांचेच ते अडीच तास. उरलेल्या चोवीस फेऱ्या स्वयंपाक, धुणी, विश्रांती आणि झोप यांच्या पोटात गेल्या. पाहणीची चूक म्हणवत नाही मला. साडेचार लाख लोकांना तीन-तीन मिनिटांचं विचारत बसलं तर पाहणीच होणार नाही. पण आईच्या पाठीला अजून एकही जखम नाही, ती त्या चोवीस फेऱ्यांमुळे.

बेरजेचा कागद दादाला दाखवला. तो म्हणाला, "एकतीस? खरंच?" मग बराच वेळ बाहेर नारळ सोलत होता.

१४ सप्टेंबर, रविवार, पुणे

एक पान तयार. वरच्या निम्म्या भागात राज्य-ग्रामीणचे आकडे, अंदाजाच्या मर्यादांसकट. रत्नागिरीच्या ओळीत, खिळलेली माणसं किती, या रकान्यात रेघ मारली आणि खाली कारण लिहिलं. ०.३ चा आकडा ठेवला, पण त्याला लागून एका घराचा एका दिवसाचा तक्ता जोडला. नमुना एक घर, अनुमान काढू नये, असं ठसठशीत लिहिलं. आरोग्याची नवी फेरी, ८० वी, या वर्षी चालू आहे. तिची फाइल आली की राज्य-ग्रामीणचं सगळं पुन्हा चालवायचं. आज्ञावलीत भारांकाच्या ओळीशेजारी मोठ्या अक्षरांत टीप टाकली आहे: शंभराने भाग.

दिवाळीत पंधरा दिवसांची रजा टाकली. वहिनी माहेरी जाणार, कोल्हापूरला, सहा वर्षांनी.

रात्री त्यांचा फोन आला. वाटलं रजेचं विचारतील. म्हणाल्या, "ताई, तो तुमचा तक्ता होता ना अर्ध्या-अर्ध्या तासाचा, त्याच्या आणखी प्रती पाठवा. आणि रात्रीचं पान वेगळं काढा. ते ह्यांना भरायला देते."